बंद गळ्याचा ब्लाऊज

मला पहिल्यांदा ‘क्लासी’ म्हणाली ती आमची शेजारीण. वेस्ट विंडसरमधल्या आमच्या घराशेजारी राहणारी सत्तरीतली गोरी बाई. मे महिना होता, ऊन चांगलंच चटकत होतं, आणि मी रेशमी स्कार्फ गळ्याला गुंडाळून पेटीतलं टपाल काढत होते, कारण आदल्या दिवशी नवऱ्यानं माझा गळा आवळला होता. बाई कुत्र्याला फिरवून परत येत होती. थांबली, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, “यू आर ऑलवेज सो क्लासी.” उत्तर द्यायला माझ्याकडे आवाजच नव्हता. मी नुसती मान झुकवली. तेही तिला फार आवडलं असावं. छातीवर हात ठेवून ती म्हणाली, “अ रिअल लेडी.”

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. कोल्हापुरात मला कुणी असं म्हटलं असतं तर माझ्या मैत्रिणी हसून हसून खाली बसल्या असत्या. मी कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये होते. चढाईला गेले की माझा दम शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू यायचा. घरी हाक मारली तर शेजारच्या दोन घरांतून ‘ओ’ यायची. आणि शिव्या! माझ्या तोंडाला लागायचं नाही, असं गल्लीतली पोरं एकमेकांना बजावायची. ती मुलगी न्यू जर्सीत येऊन रिअल लेडी झाली. कशी झाली, ते मी सांगते, कारण बाकी सगळ्यांना ते आपोआप झालं असं वाटतं.

माझा नवरा एका औषधांच्या संशोधनाच्या कंपनीत होता. हुशार, नीटनेटका, हळू बोलणारा. तो कधीच ओरडायचा नाही, मारतानासुद्धा नाही. लग्नानंतर इथं आल्यावर त्याच्या बॉसनं आम्हाला घरी जेवायला बोलावलं. कुणीतरी विनोद केला आणि मी हसले. माझं हसणं म्हणजे टाळ्या वाजवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सगळे वळून बघायला लागले. जेवण आटोपून आम्ही घरी आलो. त्यानं गॅरेजमध्ये गाडी घातली, बटण दाबलं, आणि गॅरेजचं दार खाली येऊन जमिनीला टेकेपर्यंत तो थांबला. मग माझे केस धरून त्यानं माझं डोकं समोरच्या डॅशबोर्डवर आपटलं.

“बाजारात बसल्यासारखी हसतेस,” तो म्हणाला. “इथं असं चालत नाही.”

त्यानंतर चुका होत गेल्या आणि दुरुस्त्या होत गेल्या. सूप पिताना आवाज झाला, त्या रात्री जेवणाचा काटा माझ्या मांडीत गेला. पार्टीत दुसऱ्यांदा प्लेट भरून घेतली, तेव्हा पोटात गुडघा बसला. कुणाशी बोलताना हातवारे केले म्हणून करंगळी उलटी पिळली गेली, आणि ती अजून थंडीत दुखते. तो सगळं अगदी शांतपणे करायचा. कपड्यांनी झाकलं जाईल एवढंच मारायचा आणि मारून झालं की हात धुवायचा. मी कमी हसायला लागले. सावकाश चालायला लागले, कारण कंबर धरलेली असायची. हात मांडीवर एकावर एक ठेवून बसायला लागले, कारण हलवले की दुखायचे. थोडक्यात, त्यानं मला मारून मारून सभ्य केलं.

आणि त्याचं कौतुक लोक मला ऐकवायचे.

एका ख्रिसमस पार्टीला माझ्या बरगडीला तडा गेलेला होता. वाकलं की श्वास अडकायचा, म्हणून मी पूर्ण संध्याकाळ पाठ ताठ ठेवून खुर्चीच्या कडेवर बसले होते. बॉसची बायको माझ्या नवऱ्याला म्हणाली, “युवर वाइफ इज सो पॉइज्ड.” म्हणजे तोल सांभाळून असणारी, कशानं न डगमगणारी. परत येताना गाडीत नवरा खूश होता. “बघ, पॉइज्ड म्हणाली,” असं त्यानं दोनदा सांगितलं. त्या दिवशी गॅरेजचं दार नुसतंच बंद झालं. हे कळल्यावर मी पुढच्या प्रत्येक पार्टीत असल्या शब्दांची वाट बघायला लागले. एलिगंट, रिफाइन्ड, ग्रेसफुल. एक शब्द मिळाला की एक रात्र सुटली.

पण त्याच ख्रिसमस पार्टीत मी बाथरूममध्ये होते तेव्हा बाहेर आरशापाशी बॉसची बायको दुसऱ्या एकीशी बोलत होती. मी आत आहे हे तिला माहीत नव्हतं. “शी इज अ लिटल स्टक-अप, इजन्ट शी?” ती म्हणाली. “सिट्स देअर लाइक रॉयल्टी.” म्हणजे ताठ्याची. राणीसारखी बसून राहते. पाऊण तासापूर्वी हीच पाठ पॉइज्ड होती. मी आत बरगडी धरून उभी होते आणि मला हसू येत होतं, पण हसले असते तर आणखी दुखलं असतं.

तेव्हापासून मी या शब्दांवर लक्ष ठेवून आहे. नीट राहणाऱ्या बाईसाठी इंग्रजीत शब्दांची ददात नाही. तोंडावर म्हणायचे वेगळे, तिची पाठ वळल्यावर म्हणायचे वेगळे. क्लासी, पॉलिश्ड, लेडीलाइक हे शब्द हातात ग्लास धरून हसत म्हणायचे. स्नूटी, प्रिम, हाय अँड मायटी हे मात्र आवाज खाली आणून, नाक मुरडून. ‘लेडी’ हा तर एकच शब्द, हळू म्हटला की मान आणि पार्किंगमध्ये मागून ‘हे लेडी!’ म्हणून ओरडलं की अपमान. सगळे शब्द बाईच्या कपड्यांवरून, मानेवरून, बसण्यावरून फिरतात. ती अशी का बसली आहे, हे एकाही शब्दाला विचारावंसं वाटत नाही. मराठीत आपण वेगळे आहोत असं मुळीच नाही. आपण ‘सोज्वळ’ आणि ‘शिष्ट’ म्हणून मोकळे होतो.

गळ्याची गोष्ट अशी झाली. मी आईशी फोनवर बोलत होते. तिनं गल्लीतल्या कुणाचं तरी भांडण सांगितलं आणि मी बऱ्याच दिवसांनी माझ्या मूळ आवाजात एक सणसणीत शिवी हासडली. वरच्या खोलीत नवऱ्याची व्हिडिओ मीटिंग चालू होती. मीटिंग संपेपर्यंत तो खाली आला नाही. मग आला, माझ्या हातातून फोन काढून घेतला, काउंटरवर पालथा ठेवला आणि दोन्ही हातांनी माझा गळा धरला. मला भिंतीला टेकवून त्यानं उचललं तेव्हा माझ्या टाचा जमिनीवरून सुटल्या. त्याचे डोळे अगदी जवळून दिसत होते. त्यात राग नव्हता, नुसतं लक्ष होतं, भाजी चिरताना असतं तसं. कबड्डीनं मला एकच गोष्ट नीट शिकवली होती, दम धरायचा आणि सोडायचा नाही. मी धरला. डोळ्यांपुढे काळं आलं तरी धरला. त्यानं हात सोडले तेव्हा मी जमिनीवर होते आणि माझी सलवार ओली झाली होती.

दुसऱ्या दिवशी शेजारणीनं मला क्लासी म्हटलं, आणि त्याच दुपारी, आवाज परत येईना म्हणून तो मला जवळच्या क्लिनिकमध्ये घेऊन गेला. आजारपण हाताबाहेर जाऊ द्यायचं नाही, याबाबत तो फार काटेकोर होता. तिथल्या नर्सनं माझा स्कार्फ सोडला, गळा पाहिला आणि त्याला इन्शुरन्सचं कार्ड पुन्हा दाखवायला बाहेर काउंटरवर पाठवलं. दार लागल्यावर ती माझ्यासमोर खाली बसली. माझ्याच वयाची असेल. इंग्रजीत, पण सावकाश, मला समजेल असं ती म्हणाली, की जो माणूस एकदा गळ्याला हात घालतो तो पुन्हा तिथंच हात घालतो. पुढच्या वेळी तू वाचशील असं धरून चालू नकोस. मी मान हलवली. तिनं कौतुकाचा एकही शब्द वापरला नाही. त्या सगळ्या वर्षांत माझ्याकडे बघून न वापरणारी ती एकटीच.

मी घरी परत गेले. का गेले, असं लोक विचारतात आणि मला त्यांच्या मुस्काटात मारावीशी वाटते. माझा व्हिसा त्याच्या व्हिसावर टांगलेला होता, या देशात माझं कुणी नव्हतं, हे सगळं खरंच आहे. पण त्याहून खरं असं, की निघायचं म्हणजे तमाशा करायचा. आणि मी तमाशा करणारी बाई उरले नव्हते. ‘डोन्ट मेक अ सीन’ हे त्याचं आवडतं वाक्य होतं. क्लासी बाई सीन करत नाही. मला या देशात स्वतःचं असं काही मिळालं होतं तर तो एक शब्द मिळाला होता, आणि तो माझ्या अंगातून काढून फेकायला मी तयार नव्हते.

आवाज परत आला, पण पूर्ण नाही. खाली गेलेला, खरखरीत, घोगरा. आमच्या मराठी मंडळातल्या बायका म्हणाल्या, “कित्ती सॉफ्ट-स्पोकन आहे ना ही!”

मंडळात माझ्यावरून दोन पक्ष होते. अर्ध्या जणी म्हणायच्या, क्लासी आहे. अर्ध्या म्हणायच्या, स्नूटी आहे, आपल्यात मिसळत नाही, पोळ्या लाटायला बोलावलं तर बाह्या सरसावत नाही. मंडळाच्या अध्यक्षीणबाई दोन्ही पक्षांत होत्या. मोठ्या मनाच्या, मोठ्या आवाजाच्या बाई, सगळे त्यांना काकू म्हणत. पण सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, आणि ती गोष्ट म्हणजे माझे ब्लाऊज. मनगटापर्यंत बाह्या, गळ्याला उभी पट्टी, मागे बंद. माझ्या आईच्या ओळखीच्या शिंप्याकडून मी ते कोल्हापुराहून शिवून मागवत असे. कारण सांगायलाच नको.

पुढे काय झालं ते सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. त्या ब्लाऊजची फॅशन आली. पहिल्यांदा काकूंनी विचारलं, “अगं, मला नमुन्याला एक देशील का? यू लुक सो क्लासी इन दॅट.” मग दुसरीनं, तिसरीनं. गणपतीपर्यंत निम्म्या मंडळाच्या अंगात बंद गळा होता. इथंच जन्मलेली एका घरची मुलगी सगळ्यांना बघून म्हणाली, “ओ माय गॉड, यू ऑल लुक सो बूजी.” म्हणजे श्रीमंती थाट. बायका खूश. मी पाण्याचा ग्लास घेऊन कोपऱ्यात उभी होते आणि माझ्या निळ्यापिवळ्या वळांची फॅशन झालेली बघत होते. सगळ्यांचे गळे धरून भिंतीवर आपटावेत असं मला वाटलं. अगदी तसंच वाटलं. मग मी मान झुकवून हसले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला अत्तर लावायचं काम दिलं. काकू म्हणाल्या, “तू ग्रेसफुली करतेस.” मंडळानं एका शाळेचा हॉल घेतला होता. बायका हॉलमध्ये, पुरुष आणि मुलं पलीकडच्या खोलीत. सगळ्या काळ्या साड्यांत आणि बऱ्याच जणी बंद गळ्यात. आदल्या रात्री नवऱ्यानं माझा गळा दुसऱ्यांदा धरला होता. वाण म्हणून वाटायचे डबे मी न विचारता आणले एवढंच निमित्त. या वेळी तो मला सोडायला विसरतोय की काय असं वाटण्याइतका वेळ त्यानं लावला. नर्सचं बोलणं माझ्या डोक्यात होतं. आता तिसरी वेळ उरली होती आणि ती कधी येणार एवढंच मला माहीत नव्हतं.

उजव्या हातात काकूंची चांदीची गुलाबदाणी आणि बोटांत अत्तराचा बोळा धरून मी रांगेनं फिरत होते. बाई उजवा हात पुढे करते, आपण तो धरायचा, पालथ्या पंजावर अत्तराचा बोळा फिरवायचा, गुलाबपाणी शिंपडायचं, पुढे जायचं. नवीनच आलेली एक मुलगी रांगेच्या टोकाला होती. नागपूरची, लग्नाला वर्षही झालं नसेल. मला ताई म्हणायची. तिच्या अंगात माझाच ब्लाऊज होता. तिनं हात पुढे केला, मी तो धरला आणि बाही जराशी मागे सरली.

मनगटावर चार बोटं होती. आतल्या बाजूला अंगठा.

“काय झालं?” मी विचारलं.

“दारात सापडला ना, ताई.”

“दाराला बोटं नसतात.”

तिनं हात ओढून घेतला नाही. इकडेतिकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, “माझंच चुकतं हो. मला ना, मोठ्यानं बोलायची सवय आहे. हे म्हणतात, त्या ताईंकडे बघ, किती क्लासी आहेत. तशी राहायला शिक. मी ट्राय करते, ताई. तुम्हाला कसं जमतं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि या वेळी ती तिथं थांबली नाही. तो मुलगा, जो तिला मारत होता, तो माझ्यासारखी बाई घडवत होता. माझ्या नवऱ्यानं केलेलं काम बघून त्याला ते आवडलं होतं. मी तिचा हात सोडला नाही. मी हसायला लागले. मोठ्यानं, बाजारात बसल्यासारखी. बसलेल्या घशातून ते हसणं फाटून बाहेर येत होतं. बायका वळून बघायला लागल्या.

माझा नवरा पलीकडच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मग सगळ्यांकडे बघत, सौम्य हसत तो माझ्यापर्यंत आला आणि माझा दंड धरला. लांबून बघणाऱ्याला आधार दिल्यासारखं वाटलं असतं. त्याची बोटं हाडापर्यंत रुतली.

“चल,” तो माझ्या कानात म्हणाला. “सीन करू नकोस.”

मी गुलाबदाणी फिरवून त्याच्या तोंडावर मारली. पहिला घाव भुवईवर बसला आणि कातडी फाटली. तो मागे गेला, तेव्हा दुसरा नाकावर. काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि तो ऐकून मला जे सुख झालं त्याबद्दल मी कुणाचीही माफी मागणार नाही. “हात लावतोस मुडद्या! परत लाव! लाव की!” मी ओरडत होते. आवाज निघत नव्हता तिथं नुसती हवा निघत होती, पण शिव्या सगळ्या आठवत होत्या. गुलाबपाणी, रक्त आणि तिळगूळ एकाच सतरंजीवर पडलं होतं. तो खाली बसला तेव्हा मी लाथ घातली. काकू आणि आणखी दोघींनी मला मागून धरलं तेव्हा कुठं मी थांबले.

पोलीस आले. त्यांनी काय पाहिलं, तर एक माणूस खुर्चीवर बसून नाकाला रुमाल लावतो आहे, शांतपणे, स्वच्छ इंग्रजीत सांगतो आहे की माझ्या बायकोची मनःस्थिती ठीक नसते. आणि एक बाई केस सुटलेल्या अवस्थेत किंचाळते आहे. “मॅम, काम डाउन,” पोलीस पुन्हापुन्हा म्हणत होता. त्यानं बेड्या काढल्या आणि त्या माझ्यासाठीच होत्या. काकूंना मला वाचवायचं होतं. त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “ऑफिसर, शी इज नॉट लाइक धिस. शी इज अ व्हेरी क्लासी लेडी!” पोलिसानं माझ्याकडे पाहिलं. माझ्यात त्याला तसलं काही दिसेना आणि त्याचा काकूंवरचाही विश्वास उडाला असावा.

मग मी मानेमागे हात नेऊन ब्लाऊजचे हूक काढले. सगळ्यांसमोर, पुरुषांसमोर. वरचे तीन काढले आणि पट्टी खाली ओढली. पोलिसानं टॉर्च लावला आणि माझी हनुवटी वर करायला सांगितली. “हू डिड धिस?” त्यानं विचारलं, आणि उत्तर यायच्या आतच तो माझ्या नवऱ्याच्या हातांकडे बघत होता. बेड्या त्या हातांत गेल्या. मला काकूंचा चेहरा आठवतो. त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या आणि त्यांचा हात त्यांच्या स्वतःच्या ब्लाऊजच्या पट्टीवर गेला होता.

“हे असं होतं?” त्या म्हणाल्या. “हे झाकायला होतं?”

मी नागपूरच्या त्या मुलीला शोधलं. तिचा नवरा तिला घेऊन दाराबाहेर पडत होता. तिनं बाही बोटांपर्यंत ओढून घेतली होती. मी हाक मारली, पण घशातून हवाच आली. तिनं वळून पाहिलं नाही.

आता मी दोन गावं पलीकडे एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये राहते. कोर्टानं नवऱ्याला माझ्याजवळ फिरकायला बंदी केली आहे. माझ्यासाठीचे शब्द बदललेत. मंडळातल्या काही जणी मला ड्रामा क्वीन म्हणतात, एकीनं ‘नो क्लास’ असा मेसेज चुकून मलाच पाठवला. बॉसच्या बायकोनं म्हणे ‘ट्रॅशी’ शब्द वापरला. ऐकून झोंबतं अजून, नाही असं नाही. काकू मात्र दर शनिवारी डबा घेऊन येतात, दारातूनच मोठ्यानं हाक मारतात आणि तो ब्लाऊज त्यांनी पुन्हा घातलेला मी पाहिला नाही. कामाचा स्वतंत्र परवाना मिळाल्यापासून मी एका दंतवैद्याच्या ऑफिसात फोन घेते. लोक म्हणतात, “यू हॅव सच अन एलिगंट व्हॉइस.” मी थँक यू म्हणते. दरवेळी कोण सांगत बसणार?

ऑगस्टमध्ये एके दुपारी ऑफिसातच माझा मोबाइल वाजला. मंडळाच्या ग्रुपमधला नंबर होता.

“ताई, मी बोलतेय,” पलीकडून आलं.

मी कोण म्हणून विचारलं नाही. आवाज ओळखला, पण तो तिचा म्हणून नाही. तो माझा आवाज होता. तसाच खाली गेलेला, खरखरीत.

“घसा बसलाय जरा,” ती म्हणाली. “एसीनं. बाकी काही नाही. सहजच केला फोन.”

“तो घरात आहे?”

“ऑफिसला गेले.”

“पासपोर्ट घे आणि बाहेर येऊन उभी राहा. आता बोलू नकोस.”

मी गाडी घेऊन पोचले तेव्हा ती खरंच बाहेर येऊन उभी होती. गाडीत बसली, पट्टा लावला, हात मांडीवर एकावर एक ठेवले. “सॉरी, ताई, तुम्हाला त्रास दिला,” एवढंच कुजबुजली. कुणी पाहिलं असतं तर कौतुक केलं असतं, इतकी नीट बसली होती. मी पूर्ण रस्ताभर स्टिअरिंग आवळून धरलं होतं आणि तिच्या नवऱ्याला मनातल्या मनात तुडवत होते. त्या नर्सच्याच क्लिनिकच्या दारात गाडी लावली. उतरायच्या आधी तिनं पर्समधून रेशमी स्कार्फ काढला आणि आरशात बघून गळ्याभोवती गुंडाळायला लागली. अगदी माझ्यासारखी गाठ.

मी तो ओढायला हात पुढे केला. रागातच केला असणार, कारण तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं आणि दाराला चिकटली.

मी हात मागे घेतला. मांडीवर ठेवला, तिला दिसेल असा, आणि थांबले.

“सगळे बघतील, ताई,” डोक्यावरचे हात खाली घेत ती म्हणाली.

“बघू देत.”

तिनं गाठ स्वतःच सोडली. स्कार्फ सीटवर ठेवला, आणि आम्ही दोघी आत गेलो.